दवाखान्यातलं फुकट वायफाय, बँकेचं ॲप आणि उडालेली झोप

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगलीच्या मार्केट यार्डातले हळद व्यापारी. आईला तपासायला मिरजेला दवाखान्यात घेऊन गेले होते. नंबर यायला तीन तास, आत मोबाइलला रेंज नाही. भिंतीवर फुकट वायफायची पाटी होती. ते लावलं आणि त्यावरूनच एका शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे बँकेच्या ॲपमधून पाठवले. रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला की सार्वजनिक वायफायवर बँकेचं काम केलं तर हॅकर खातं धुऊन नेतात. तेव्हापासून झोप नाही. पासवर्ड बदलू का, व्हीपीएन (फोनची सगळी वाहतूक एका मधल्या कंपनीतून नेणारी सेवा) विकत घेऊ का, आणि मुलगी रोज विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेच्या वायफायवर असते तिचं काय, असे तीन प्रश्न आहेत.

आधी झोपेचं बघू. तुम्ही प्ले स्टोअरवरून घेतलेलं बँकेचंच ॲप वापरलं असेल आणि मधे कुठलं वेडंवाकडं पान किंवा इशारा आला नसेल, तर त्या व्यवहारातून काही गेलेलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर पासवर्डसुद्धा बदलला नसता. मला काळजी वेगळीच आहे. पैसे पाठवताना काय झालं ते विचारत नाही. त्याच्या आधी, वायफाय सुरू होताना, तुम्ही कशाकशावर बोट ठेवलंत ते आठवून बघा.

गेली वीस-बावीस वर्षं सांगली-मिरजेत मी हेच काम करतोय. सुरुवात सायबर कॅफेत झाली. तासाला वीस रुपये घ्यायचो आणि रोज रात्री प्रत्येक कॉम्प्युटरवर कुणी कीबोर्डवरच्या कळा टिपणारं सॉफ्टवेअर टाकलंय का ते शोधत बसायचो. आता कॉलेजं, दवाखाने, लॉज, अभ्यासिका यांची नेटवर्कं बघतो. तुम्हाला आलेला मेसेज एके काळी पूर्ण खरा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१० साली फायरशीप नावाचं एक जोडसॉफ्टवेअर निघालं. फायरफॉक्स ब्राउझरला ते जोडायचं, बटण दाबायचं, की त्याच उघड्या वायफायवर बसलेल्यांची फेसबुक खाती फोटोसकट बाजूच्या पट्टीत ओळीनं दिसायला लागायची. फोटोवर दोनदा टिचकी मारली की तुम्ही त्या माणसाच्या खात्यात. एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये परवानगी काढून मी हे करून दाखवलं होतं. चहा पिणारा एक पोरगा स्वतःचाच फोटो माझ्या पडद्यावर बघून कप तसाच ठेवून उठला.

नंतर चित्र पालटलं. जीमेलनं २०१० मध्येच वाहतूक आपोआप सांकेतिक, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी, केली होती, फेसबुकनं २०१३ पर्यंत केली. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं, म्हणजे साइटच्या ओळखीचे दाखले, कुणालाही फुकट द्यायला लागली. जुलै २०१८ पासून क्रोमनं उघड्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्काच मारायला सुरुवात केली. आज ब्राउझरमध्ये पत्त्यासमोर एचटीटीपीएस असतं, त्यातला शेवटचा एस म्हणजे हीच भानगड.

तुमच्याच धंद्यातलं सांगतो. हळदीचं पोतं शिवून, मार्का टाकून ट्रकमध्ये चढवलं. वाटेत हमालाला काय दिसतं? कुणाचा माल, कुठल्या पेढीला चाललाय, किती पोती. आतली हळद राजापुरी आहे की सेलम, हे शिवण उसवल्याशिवाय कळत नाही. वायफाय म्हणजे तो हमाल. दवाखान्याच्या वायफायवाल्याला किंवा बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या टवाळाला तुमचा फोन अमुक बँकेशी बोलतोय एवढं कळू शकतं. किती पैसे, कुणाला, पिन काय, हे पोत्याच्या आत असतं. यूपीआयला तर आणखी एक गाठ आहे. ॲप लावताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस जातो, तो आठवत असेल. त्यानं तुमचं सिम आणि तो फोन यांची जोडी पक्की होते. नुसता पिन कळून दुसऱ्याच्या फोनवरून पैसे काढता येत नाहीत.

म्हणून आजचा चोर हवेतून काही उपसत बसत नाही. तुमच्या बोटानं शिवण उसवून घेतो. सार्वजनिक वायफायवर अशा जागा तीन. तिन्ही मी बघितल्यात.

पहिली जागा म्हणजे नेटवर्कचं नाव. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या ओपीडीत इंटरनेट हळू चालतंय म्हणून मला बोलावलं. फोन काढून यादी बघितली तर दोन नावं. एक दवाखान्याचं. दुसरंही तेच, फक्त पुढं ‘फ्री’ जोडलेलं. आणि सिग्नल त्या दुसऱ्याचा जास्त, कारण तो बाकाच्या मागंच होता. जोडून बघितलं. दवाखान्याचा लोगो असलेलं पान आलं, त्यावर ‘गूगल खात्याने लॉगिन करा’ आणि ईमेल-पासवर्डच्या दोन चौकटी. मी मनानंच एक ईमेल लिहिला आणि पासवर्डच्या जागी ‘शेंगदाणे’ टाकलं. लगेच ‘आपले स्वागत आहे’. खऱ्या गूगलला शेंगदाणे चालले नसते! बाकाखालच्या प्लगला काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा राउटर लावलेला सापडला. कुणी लावला ते आजवर कळलं नाही. ही खोटा पासवर्ड टाकून बघायची युक्ती दरवेळी कामाला येईल असं नाही, हुशार चोर तो गूगलकडून तपासूनही घेऊ शकतो. पण असे धंदे करणारे फार हुशार क्वचितच असतात.

हा प्रकार जगभर चालतो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एका माणसावर आरोप ठेवले, त्यानं विमानतळांवर आणि चक्क विमानात असंच जुळं वायफाय उभं केलं होतं आणि लोकांचे ईमेल-पासवर्ड गोळा केले होते. त्यालाही बँकेचा पिन नको होता. ईमेल हातात आला की बाकी खात्यांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून त्याच ईमेलवर मागवता येतात.

तेव्हा हिशेब साधा ठेवा. आपल्याकडं खरं सार्वजनिक वायफाय मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं, तेवढंच. रेल्वे स्टेशनवरचं रेलवायर तसंच चालतं. ही ओटीपीची कटकट का, तर जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण चौकशी त्याच्या दारात आली. त्यानंतर सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवायचे नियम आले. म्हणून नंबर द्यायला हरकत नाही. जीमेलचा पासवर्ड, आधार क्रमांक, कार्डाचा नंबर, जन्मतारीख यातलं काहीही मागितलं की उठायचं.

आणि ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचायचा. आपण सगळे फक्त आकडे वाचतो, बाकीचं डोळ्याआड करतो. वायफायच्या पानावर ओटीपी मागितला आणि आलेल्या मेसेजात ‘व्हॉट्सॲप कोड’ लिहिलेलं असेल, तर समोरचा त्या क्षणी तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर चढवतोय. तो सहा आकडी कोड त्या पानावर टाकला की तुमच्या नावानं तुमच्या अडत्यांना ‘अर्जंट वीस हजार टाका’ असे मेसेज जायला वेळ लागत नाही.

दुसरी जागा, ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हा लाल इशारा. हा किस्सा तुमच्या मुलीसाठी आहे, तिला वाचून दाखवा. एका अभ्यासिकेतली पोरं तक्रार करत होती की स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायची साइट उघडली की लाल पान येतं. मालकाला वाटलं सरकारी साइट, बिघडली असेल. पोरांनी आपापसात तोडगा काढला होता. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबायचं, मग खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ दाबायचं. आत एकजण नव्या पोराला शिकवत होता, अरे ते लाल येतंयच, खाली दाब.

मी राउटर उघडून बघितला. आत शिरायचं नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’, कारखान्यातून आला तसा. कुणीतरी आत जाऊन एकच ओळ बदलली होती, डीएनएसची. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी वही. ती वहीच बदलली की तुम्ही खरं नाव टाकता आणि पोचता भलत्याच घरी. लाल इशारा तेच ओरडून सांगत होता, की नाव सरकारी साइटचं आहे पण समोरच्याकडं तिचं प्रमाणपत्र नाही. म्हणजे पोत्यावरचा मार्का तुमचा, शिवण दुसऱ्याची. आणि पोरं त्या पानावर फोटो, सही, मार्कलिस्ट चढवत होती. राउटर मूळ स्थितीला आणला, त्याचं सॉफ्टवेअर नवीन केलं, पासवर्ड बदलला, आणि ज्यांनी ज्यांनी ‘पुढे जा’ दाबलं होतं त्यांना आपापले पासवर्ड बदलायला लावले.

न्यायानं सांगायचं तर हे लाल पान दरवेळी चोराचंच असतं असं नाही. फोनची तारीख चुकली तरी येतं. वायफायचं लॉगिन व्हायच्या आधी घाईनं एखादी साइट उघडली तरी येतं, कारण वायफायवाला तुम्हाला आधी आपल्या पानावर ओढत असतो. अशा वेळी मागं फिरायचं, वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘साइन इन’ दाबायचं आणि लॉगिन पुरं करायचं. तरी लाल राहिलं तर ते वायफाय बंद. ‘तरीही पुढे जा’ हे बटण माझ्यासारख्यांसाठी आहे, स्वतःच्याच राउटरचं पान उघडताना लागतं. तुम्हाला आयुष्यात एकदाही लागू नये. जीमेलसारख्या साइटवर तर क्रोम ते बटण दाखवतच नाही, परस्पर दार लावतो.

कुलपाच्या चित्राबद्दलही एक. ‘कुलूप दिसलं की साइट खरी’ असं बँकांचीच माणसं वर्षानुवर्षं सांगत आली. ते कुलूप क्रोमनं २०२३ मध्ये काढून टाकलं, कारण चोरही आता फुकट प्रमाणपत्र घेऊन कुलूप लावतात. शिवण पक्की असली म्हणून आत हळदच असेल असं कुठं आहे? त्यापेक्षा पत्ता वाचा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना साइटचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ असा संपणारा घ्यायला सांगितलंय, त्यासाठी ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली होती. तुमच्या बँकेचा पत्ता इंग्रजी अक्षरांत असा संपतो का, एकदा घरी निवांत बसून बघून ठेवा.

तिसरी जागा सगळ्यात वाईट. ‘जास्त स्पीडसाठी हे ॲप घ्या’, ‘वायफाय वापरण्यासाठी हे इन्स्टॉल करा’. कुठल्याही वायफायला प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप लागत नाही. अशा ॲपची फाइल आता वायफायची वाटही बघत नाही, थेट व्हॉट्सॲपवर येते. आरटीओचं चलन, लग्नाची पत्रिका, किसान योजनेची यादी अशी नावं आणि शेवटी एपीके, म्हणजे ते ॲप असल्याची खूण. उघडलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. एवढं दिलं की ओटीपी तुमच्या आधी त्याला दिसतो आणि पडद्यावर बोटंही त्याचीच चालतात. यार्डातले माझ्या ओळखीचे जे पैसे गमावून बसले, ते सगळे याच वाटेनं. घरच्या वायफायवर बसून, बरं का. व्हॉट्सॲपवर फिरणारे इशारे वायफायला शिव्या देतात आणि अशी फाइल त्याच व्हॉट्सॲपवरून पुढं ढकलली जाते!

आता व्हीपीएन. घेऊ नका. मुद्दा इतकाच आहे की व्हीपीएन लावलं की वायफायवाल्याच्या जागी व्हीपीएनवाला हमाल येतो. पोत्यावरचे मार्के तो वाचणार. ओळखीचा हमाल सोडून जाहिरातीत बघितलेला हमाल लावायचा आणि त्याला वर पैसे द्यायचे. फुकटचं व्हीपीएन तर त्याहून वाईट. फेसबुकचं स्वतःचं ओनावो नावाचं व्हीपीएन होतं, लोक काय काय वापरतात याची माहिती ते गोळा करायचं, म्हणून २०१८ मध्ये ॲपलच्या स्टोअरमधून काढावं लागलं. कंपनीनं ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन दिलं असेल तर ते जरूर वापरावं, तो वेगळा विषय. तुम्हाला त्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. पैसे पाठवायचे असले की वायफाय बंद करा, दारापर्यंत चाला, मोबाइलच्या डेटावर दोन मिनिटांत काम उरका. दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा नाहीतरी रात्री बारा वाजता वायाच जातो.

मुलीचं बघू. अभ्यासिकेत एकच पासवर्ड सगळ्यांना, तोही भिंतीवर चिकटवलेला. असा पासवर्ड माहीत असलेला माणूस जुन्या पद्धतीच्या वायफायवर, म्हणजे डब्ल्यूपीए-२ वर, थोडी खटपट करून शेजाऱ्याची वायफायवरची वाहतूक उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ती सोय राहिली नाही. पण आतली साइट एचटीटीपीएस असेल तर उलगडूनही हाती पोतंच लागतं. तेव्हा तिला वायफाय सोडायला लावू नका, लॅपटॉप दुरुस्त करा. विंडोजमध्ये त्या नेटवर्कवर ‘पब्लिक’ निवडायचं, ‘प्रायव्हेट’ नाही, म्हणजे शेजारच्या लॅपटॉपला तिच्या फाइली दिसत नाहीत. विंडोज १० असेल तर त्याला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ११ वर जाता येतंय का बघा. आणि ब्राउझरमध्ये कुणी सांगितलं म्हणून कुठलंही प्रमाणपत्र चढवायचं नाही.

अभ्यासिकेच्या मालकाला माझ्याकडून तीन कामं सांगा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही मुलांच्या वायफायवर ठेवू नका, गेस्ट नेटवर्क वेगळं काढा. आणि ‘एपी आयसोलेशन’ नावाची सेटिंग चालू करा, त्यानं एका मुलाचा लॅपटॉप दुसऱ्याच्या लॅपटॉपशी परस्पर बोलू शकत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे लागत नाहीत, तरीही दहातल्या आठ ठिकाणी मी गेलो की ते झालेलं नसतं. सीसीटीव्ही तर बहुतेक ठिकाणी उघडाच.

मुलीनं विचारलंच तर खरं सांगा, की मालकानं ठरवलं तर ती कुठल्या साइटवर किती वेळ होती हे त्याला बघता येतं, काय बोलली ते नाही. फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू ठेवलं तर तेही थोडं अवघड होतं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. काही ठिकाणी त्यानं वायफायचं लॉगिन पान उघडत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करायचं.

उद्या देव न करो, पण पैसे गेलेच तर वायफाय का ॲप याची चर्चा करत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात तशाच सूचना गेल्या, आपल्याकडं निम्मा व्यवहार त्यांच्यातच असतो म्हणून मुद्दाम सांगितलं. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी. म्हणून कळवायला रात्र लावायची नाही.

आता हे वाचून झालं की फोनमधली वायफायची यादी उघडा. त्यात दवाखान्याचं नाव अजून असेल. एकदा लावलेलं बिनपासवर्डचं वायफाय फोन विसरत नाही, तेच नाव घेऊन कुणी राउटर मांडला तर फोन खिशातल्या खिशात जोडून मोकळा होतो. त्या नावावर बोट ठेवून ‘फरगेट’ करा. खाली बघत जा, जुने लॉज, स्टेशन, कुठल्याशा लग्नाचा हॉल, अशी दहा-पंधरा नावं निघतील, तीही काढा. आणि जीमेलच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन कुठल्या कुठल्या फोनवर तुमचं खातं उघडं आहे ते बघा. त्यात ओळखीचा नसलेला एखादा फोन दिसला, तरच पासवर्ड बदला, आणि मग दवाखान्यातलं ते पहिलं पान नक्की कसं होतं ते मला सविस्तर कळवा.